‘निरागस’ नावाचा निकाल

लहान मुलाची प्रतिमा समोर आली की आपल्या लेखणीतून एक विशेषण आपोआप ओघळते: ‘निरागस’. मग ती प्रतिमा कॅलेंडरवरची असो, कथेतली असो, की संग्रहालयातल्या शिल्पाची असो. विशेषण बदलत नाही. या शब्दाकडे एकदा नीट पाहायला हवे. संस्कृतात ‘आगस्’ म्हणजे अपराध. निरागस म्हणजे ज्याच्या हातून अपराध घडलेला नाही असा. गोड वाटणारा हा शब्द मुळात न्यायासनावरून उच्चारलेला आहे. मुलाला समोर उभे करायचे, त्याच्यावर काही दोष नाही असे जाहीर करायचे आणि त्याची सन्मानाने सुटका करायची, असा हा प्रौढांचा निकाल. त्यात आपली एक मोठी सोय आहे. ज्याची सुनावणीच झाली नाही त्याची साक्ष नोंदवावी लागत नाही. मूल कशाने चिडले होते, कुणाची वाट पाहून थकले होते, रात्री अंथरुणात पडून त्याने कुणाचा सूड घेण्याचे बेत केले होते, यातले काहीही दप्तरी दाखल न होता प्रकरण बंद होते.

प्रस्तुत लेख या निकालाविरुद्ध आहे. ज्या कलावंताच्या कामावर हा निकाल सर्वांत अधिक वेळा लादला गेला, त्या योशितोमो नारा या जपानी चित्रकार-शिल्पकाराच्या रेझिनमधल्या मुलांच्या वतीने तो लिहिला आहे. नारांची चित्रे जगभर ओळखीची आहेत: मोठ्या डोक्याची, लहान अंगाची, तिरक्या नजरेने पाहणारी मुलगी. त्यामानाने त्यांच्या शिल्पांविषयी गंभीरपणे कमी बोलले जाते. चित्रातल्या मुलीच्या डोळ्यांत राग तरी दिसतो. शिल्पातली मुले बहुधा डोळे मिटून असतात, तुळतुळीत असतात, खेळण्यांसारखी दिसतात. म्हणून एक पक्ष त्यांना ‘गोंडस’ म्हणून कुरवाळतो आणि दुसरा ‘बाजारू’ म्हणून झटकतो. माझे म्हणणे असे, की दोन्ही पक्ष शिल्पाच्या पृष्ठभागावरच घसरून पडले आहेत. आणि तो पृष्ठभाग तसा घसरडा असणे, हेच तर त्या शिल्पाचे म्हणणे आहे.

प्रथम माध्यमाविषयी. रेझिन म्हणजे राळ. इथे अर्थात कृत्रिम. नारांच्या शिल्पांच्या माहितीपट्टीवर ‘एफआरपी’ ही तीन अक्षरे वारंवार दिसतात. काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिन यांच्या मिश्रणातून होणारा हा पदार्थ. आपल्याकडे त्याला सरळ ‘फायबर’ म्हणतात आणि तो आपल्या नित्य परिचयाचा आहे. दुकानातले कपड्यांचे पुतळे, वॉटर पार्कमधल्या घसरगुंड्या, चौकातले रातोरात उभे राहणारे पुतळे आणि सार्वजनिक बागेत तोंड उघडून ‘कचरा इथे टाका’ म्हणत उभा असलेला तो ससा किंवा पेंग्विन, हे सारे त्याच कुळातले. म्हणजे लहान मुलांच्या आनंदासाठी महापालिका जे द्रव्य वापरते, तेच नारांनी लहान मुलांच्या दुःखासाठी वापरले. एवढ्यावरून कुणाच्या भुवया उंचावत असतील तर उंचावू देत.

या द्रव्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. मूळ आकार मातीत किंवा थर्मोकोलमध्ये घडवतात, त्यावरून साचा घेतात. साच्याच्या आतून आधी एक गुळगुळीत थर देतात, त्यावर काचतंतूंची चटई अंथरतात आणि हार्डनर मिसळलेले रेझिन ब्रशने तिच्यात मुरवतात. रेझिन आतल्या आत तापते, घट्ट होते. मेण वितळवून पुन्हा ओतता येते. हे द्रव्य एकदा जमले की पुन्हा वितळत नाही. साचा उघडला की हाती येते ते एक पोकळ कवच. त्याची बाहेरची बाजू आरशासारखी नितळ, आतली बाजू मात्र खरखरीत, हात फिरवला तर काचेचे तंतू बोटात शिरतील अशी. नंतर घासकाम होते, रंग चढतो, आणि कुणाच्या हाताने हे घडले याची एकही खूण बाहेर उरत नाही.

मातीत बोटाचा ठसा राहतो, लाकडात पटाशीचा घाव राहतो, दगडात छिन्नीची रेघ राहते. रेझिन हे खुणा पुसणारे, लपवणारे माध्यम आहे. आणि लपवणे हेच बालपणाचे मुख्य काम आहे. हे वाक्य अनेकांना खटकेल, कारण मुले ‘मनात येईल ते बोलून टाकतात’ अशी आपली लाडकी समजूत आहे. वस्तुतः शाळेतून आलेल्या मुलाला ‘काय झाले?’ असे विचारून पाहावे. उत्तर येते: ‘काही नाही’. या ‘काही नाही’चा पृष्ठभाग रेझिनइतकाच नितळ असतो. तो घासून घासून केलेला असतो, आणि त्याच्या आतल्या बाजूला काय आहे ते बोट घातल्याशिवाय कळत नाही. ज्याच्याजवळ ना शब्द आहेत ना सत्ता, त्याच्यापाशी चेहरा बंद करून घेणे हे एकमेव हत्यार उरते. नारांची मिटल्या डोळ्यांची मुले ते हत्यार उपसून उभी आहेत आणि आपण म्हणतो, किती छान झोपली आहेत!

नारांचा जन्म १९५९ सालचा, जपानच्या उत्तरेकडल्या आओमोरी प्रांतातल्या हिरोसाकी या गावी. तीन भावांत ते धाकटे, थोरले दोघे वयाने बरेच मोठे. आई-वडील दोघेही कामावर जाणारे. अशा मुलांना जपानीत ‘कागिक्को’ म्हणतात, म्हणजे किल्लीवाले मूल: रिकाम्या घराचे कुलूप स्वतः उघडणारे. सोबतीला मांजर आणि मिसावाच्या अमेरिकी लष्करी तळावरून ऐकू येणारे रेडिओ केंद्र, ज्यातल्या गाण्यांची भाषा त्या मुलाला कळत नव्हती. पुढे १९८८ मध्ये ते जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत गेले. तिथेही भाषा परकी, आणि त्या एकटेपणाने हिरोसाकीचे एकटेपण पुन्हा जागे केले, असे त्यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. २००० साली ते जपानला परतले. हा तपशील देण्यामागे ‘कलावंताच्या आयुष्यात त्याच्या कलेची किल्ली शोधा’ असा बाळबोध सल्ला नाही. एवढेच दाखवायचे आहे की या माणसाच्या लेखी बालपण म्हणजे गमावलेले नंदनवन नव्हे. ते एक बंद घर आहे, आणि त्यात वावरणाऱ्याला बाहेरचे आवाज येतात पण त्यांचा अर्थ लागत नाही.

आता कामांकडे वळू. १९९९ सालच्या ‘द लिटल पिलग्रिम्स (नाइट वॉकिंग)’मध्ये छोट्या यात्रेकरूंचा एक जथा आहे: एफआरपीची, कापडाचा वापर केलेली, पायघोळ झग्यातली मुले. रात्रीची चाल आहे, डोळे मिटलेले आहेत, आणि कुठे निघाली आहेत ते कुणी सांगत नाही. यात्रा म्हटली की सोबत कुणी मोठे हवे, दिंडीला पुढे कुणी विणेकरी हवा. इथे मोठे माणूस एकही नाही. २००१ सालच्या ‘फाउंटन ऑफ लाइफ’मध्ये, अर्थात ‘जीवनाच्या कारंज्या’त, एका भल्यामोठ्या कपात मुलांची डोकी एकावर एक रचलेली आहेत आणि त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहते. माहितीपट्टीवर साहित्य लिहिलेले असते: एफआरपी, लॅकर, युरेथेन, मोटर, पाणी. मोटर! रडण्याला पंप बसवला आहे. रसिक इथे हसतात, आणि मग काही वेळाने हसणे थांबते. कारण हे रडे थांबत नाही. हुंदका नाही, चेहरा वेडावाकडा होत नाही, कुणाचे लक्ष वेधून घेण्याची धडपड नाही. ज्या रडण्याकडे कुणी येणार नाही याची खात्री झालेली असते, ते असेच यंत्रासारखे, संथ आणि सलग असते. संगमरवरात कोरलेला अश्रू एका क्षणी गोठलेला असतो आणि पाहणाऱ्याला त्याचे सांत्वन केल्याचे समाधान देतो. नारांचे कारंजे ते समाधान देत नाही.

२००२ सालचे ‘युअर डॉग’ हे माणसाच्या उंचीएवढे पांढरेशुभ्र कुत्रे. त्याच्या मागे नारांचेच १९९९ सालचे एक चित्रपुस्तक आहे, ज्यातले कुत्रे इतके अवाढव्य आहे की ते कुणाच्या नजरेतच येत नाही. एका लहान मुलीला ते दिसते. लहानपणीचे दुःख असेच असते. घरभर पसरलेले असते, म्हणूनच घरातल्या कुणाला दिसत नाही. आणि शीर्षकातला ‘तुझे’ हा शब्द पाहणाऱ्यावर एक जबाबदारी टाकून मोकळा होतो. कुत्रे तुझे आहे, आता सांभाळ.

इथे पहिला प्रतिपक्ष, म्हणजे ‘गोंडस’वाद्यांचा. जपानीत ‘कावाई’ हा शब्द आहे, आपल्याकडे ‘गोंडस’, ‘गोड’, ‘छकुला’. सिॲन न्गाय या अभ्यासिकेने २००५ साली लिहिलेल्या निबंधात गोंडसपणाची फार नेमकी चिकित्सा केली आहे, आणि त्यात नारांचाही विचार आहे. तिचे प्रतिपादन थोडक्यात असे: गोंडस वस्तू आपल्यात माया जागवते आणि त्याच क्षणी तिला दाबण्याची, चुरगाळण्याची, ताब्यात घेण्याची इच्छाही जागवते, कारण गोंडसपण हे दुबळेपणाचे सौंदर्य आहे. मराठी माणसाला हे पटवून द्यायला सिद्धान्ताची गरज नाही. आपल्याकडे ‘गालगुच्चा’ नावाची एक क्रिया आहे. मूल कळवळेपर्यंत त्याचा गाल चिमटीत धरायचा आणि वर त्याने हसावे अशी अपेक्षा ठेवायची. ‘खाऊन टाकावेसे वाटते’ हेही आपण कौतुकानेच म्हणतो. नारांची रेझिनची मुले गोंडस आहेत, हे मान्यच आहे. पण ती गालगुच्चा घेतल्यानंतरच्या क्षणी गोंडस आहेत. हसलेली नाहीत. हा एक क्षणाचा फरक ज्याला दिसत नाही, त्याने शिल्प पाहिलेलेच नाही.

दुसरा प्रतिपक्ष विद्वानांचा. ताकाशी मुराकामी या समकालीन कलावंताने ‘सुपरफ्लॅट’ ही संकल्पना मांडली आणि २००५ साली न्यूयॉर्कच्या जपान सोसायटीत ‘लिटल बॉय’ हे प्रदर्शन रचले. ‘लिटल बॉय’ हे हिरोशिमावर टाकलेल्या अणुबाँबचे नाव. युद्धोत्तर जपान अमेरिकेच्या छत्राखाली कायमचा बालिश राहिला आणि त्याच्या कार्टून-संस्कृतीत तो घाव दिसतो, असा त्यामागचा युक्तिवाद. युक्तिवाद बुद्धिमान आहे आणि मुराकामींच्या स्वतःच्या कामाला तो लागूही पडतो. नारांच्या मुलांना मात्र तो लागू केला, की पुन्हा तेच घडते: मूल गायब होते आणि त्याच्या जागी राष्ट्र येऊन बसते. ‘निरागस’ म्हणणाऱ्याने मुलाची साक्ष घेतली नाही; राष्ट्राचे रूपक म्हणणाऱ्याने ती घेतली, पण दुसऱ्याच खटल्यात वापरली. लहान मूल हे कशाचे तरी प्रतीक असल्याशिवाय मोठ्यांच्या विचाराला पात्र ठरत नाही, ही आपली फार जुनी खोड आहे. देवाचे रूप, देशाचे भवितव्य, कुळाचा दिवा. स्वतःच्या दुपारचे ओझे वाहणारे सात वर्षांचे माणूस, एवढी त्याची ओळख आपल्याला पुरत नाही.

तिसरा प्रतिपक्ष बाजाराकडे बोट दाखवतो, आणि त्याचे म्हणणे हलके नाही. नारांच्या मुलांची आणि कुत्र्यांची खेळणी निघाली आहेत, ती जगभर विकली जातात. २००० सालचे त्यांचे ‘नाइफ बिहाइंड बॅक’ हे चित्र ऑक्टोबर २०१९ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात जवळपास २५ दशलक्ष अमेरिकी डॉलरना गेले. एवढ्या किमतीला विकले जाणारे दुःख खरे कसे मानायचे, असा प्रश्न येतो. त्याला माझे उत्तर सरळ आहे. लिलावातली किंमत खरेदीदाराविषयी काही सांगते, चित्राविषयी सांगत नाही. चित्राविषयी सांगायचे तर त्या चित्रात चाकू नाही! लाल झग्यातली एक मुलगी रोखून पाहते आहे, एक हात पाठीमागे आहे. चाकू आहे तो फक्त शीर्षकात. आणि गंमत अशी, की १९९१ साली नारांनी रंगवलेल्या एका मुलीच्या हातात चाकू उघड उघड दिसतो आणि तिच्या शीर्षकातही तो हातातच आहे. नऊ वर्षांत चाकू हातातून पाठीमागे गेला. याच दशकात नारा रेझिनकडेही वळले. हा प्रवास दाखवण्याकडून लपवण्याकडे झालेला आहे, आणि माझ्या मते तीच त्यांची प्रगल्भता. मूल जेव्हा चाकू दाखवते तेव्हा ते अजून बोलते आहे. पाठीमागे धरते तेव्हा त्याने बोलणे सोडलेले असते.

या प्रतिपक्षाजवळ आणखी एक पुरावा आहे, तोही तपासू. मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर नारांना, जे मूळचे त्याच ईशान्य जपानचे, काही काळ चित्र काढणे जमेना. तेव्हा आयची इथल्या आपल्या जुन्या कलाविद्यालयात जाऊन त्यांनी ओल्या मातीचे मोठाले गोळे नुसत्या हातांनी थापून डोकी घडवली आणि ती ब्राँझमध्ये ओतून घेतली. २०१२ मध्ये योकोहामाच्या कलासंग्रहालयात ती मांडली गेली. त्यांवर बोटांचे खड्डे आहेत, ओरखडे आहेत. झाले! समीक्षेने निःश्वास टाकला: अखेर कलावंत ‘खरा’ झाला, प्लास्टिक टाकून मातीकडे आला. मातीविषयीचा हा भाबडा आदर मला अजिबात मान्य नाही. २०११ नंतरची डोकी ही शोक करणाऱ्या प्रौढाची शिल्पे आहेत. प्रौढाला शोक उघड करण्याची मुभा असते, त्याचा हात दिसला तरी चालतो. रेझिनमधली मुले ही मुलांची शिल्पे आहेत. त्यांना ती मुभा नव्हती. एकाच्या मोठेपणासाठी दुसऱ्याला खोटे ठरवण्याचे कारण नाही.

रेझिनची दुसरी वाट कशी असते हे पाहायचे तर रॉन म्युक या मूळच्या ऑस्ट्रेलियन शिल्पकाराचा ‘बॉय’ पाहावा. १९९९ साली घडवलेला, उकिडवा बसलेला, तरीही साडेचार-पाच मीटर उंच असा हा मुलगा लंडनच्या मिलेनियम डोममध्ये होता, २००१ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिकात गेला आणि पुढे डेन्मार्कमधल्या ऑरहूसच्या संग्रहालयात स्थिरावला. म्युक यांचे आई-वडील खेळणी बनवणारे, आणि ते स्वतः आधी बाहुल्या व चित्रपटांसाठी काम करीत. त्यांच्या शिल्पात त्वचेचे छिद्रन्‌छिद्र, नसन्‌नस दिसते. हातांच्या आडून बाहेर पाहणारी त्या मुलाची भेदरलेली नजर खरोखर विसरता येत नाही. हे काम थोर आहे. पण त्याच्याभोवती जमलेल्या गर्दीची चर्चा ऐकावी: केस कसे लावले असतील? पापण्या कशाच्या? कौशल्याचे नवल भीतीवर पडदा टाकते. जिथे सारे दाखवले जाते, तिथे पाहणाऱ्याला काही शोधण्याचे कारण उरत नाही. नारांच्या शिल्पासमोर ‘कसे केले?’ हा प्रश्न कुणाला पडत नाही. पडतो तो एकच: ‘याला काय झाले?’ आणि उत्तर येते ते अर्थातच, ‘काही नाही’.

हे सारे आपल्याशी कशाला संबंधित, असे कुणी विचारील. संबंध या विशेषणाचा आहे. तुकोबांनी देवाजवळ लहानपण मागितले ते नम्रतेचे. मुंगीच्या वाट्याला साखर येते आणि ऐरावताला अंकुशाचा मार बसतो, असा तिथे हिशेब आहे. त्या मागण्यात बालवयाचा संबंध नाही. आपण मात्र त्या अभंगाच्या पहिल्या ओळीला शाळेच्या स्नेहसंमेलनात नेऊन बालपणाच्या हळव्या आठवणींचे घोषवाक्य करून टाकले. प्रकाश नारायण संतांच्या लंपनचेही आपण तेच केले. त्याच्या बोलण्याच्या लकबींवर खूश होऊन त्याला ‘निरागस’ म्हटले आणि आई-बाबांपासून दूर आजी-आजोबांकडे ठेवलेल्या त्या मुलाच्या पहिल्या पुस्तकाचे नाव ‘वनवास’ आहे, याकडे सोयीस्कर दुर्लक्ष केले. नारांचा चाकू जसा शीर्षकात आहे, तशी संतांची शिक्षाही शीर्षकात आहे. लेखक शीर्षकात ओरडून सांगतो, आणि आपण आतल्या लकबींचे लाड करीत बसतो.

ही चूक केवळ रसग्रहणाची असती तर तिच्यासाठी एवढी शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु शिल्पातल्या मुलाचा राग ज्याला दिसत नाही, त्याला घरातल्या मुलाचाही दिसणार नाही. ‘मुलांना काय कळते’ या वाक्याखाली आपल्याकडे घरे मोडली जातात, माणसे मरतात, गावे बदलतात, शाळा बदलतात, आणि जेवणाच्या पानावर गप्प बसलेल्या पोराला कुणी काही विचारत नाही. कारण ते निरागस आहे, ते विसरून जाईल. ते विसरत नाही. ते आतल्या आत तापते आणि घट्ट होते. आणि एकदा जमलेले हे द्रव्य पुन्हा वितळत नाही, हे मी वर सांगितलेच आहे.

तेव्हा नारांच्या रेझिनच्या मुलांसमोर उभे राहणाऱ्याकडे माझी एकच मागणी आहे. त्यांची निर्दोष मुक्तता करू नका. ती गोड आहेत असे म्हणून त्यांना कुरवाळू नका, देशाची प्रतीके म्हणून त्यांना झेंड्याला बांधू नका, महाग आहेत म्हणून त्यांच्यावर संतापू नका. त्या नितळ कवचाला आतली एक बाजू आहे आणि ती खरखरीत आहे, एवढे ध्यानात ठेवून थोडा वेळ गप्प उभे राहा. त्यांची साक्ष अजून व्हायची आहे.